कॅम्पर व्हॅनचं खरं ॲव्हरेज किती? दादाची गाडी, तीन ट्रिपा आणि साडेसत्त्याऐंशी लिटर डिझेल

(आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. एपिसोडमध्ये आकडे जरा भराभर बोललो, म्हणून इथे नीट मांडलेत. ज्यांनी ऐकलंय त्यांनी थेट आकड्यांवर जा, ज्यांनी नाही ऐकलं त्यांनी निवांत वाचा.)

मागच्या महिन्यात मी गावी, म्हणजे नामपूरला गेलो होतो. वर्क फ्रॉम होम चालू होतं, लॅपटॉप ओट्यावर, नेटवर्क कधी आहे कधी नाही. एका संध्याकाळी माझा चुलत भाऊ आला आणि म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस ना? मग मला एक हिशोब करून दे."

मी म्हटलं, "दादा, मी सॉफ्टवेअरवाला. गाडीतलं मला काय कळतं?"

"हिशोब तर कळतो ना?"

विषय असा होता. साल्हेर आमच्या बागलाणातला किल्ला, उंची १५६७ मीटर. कळसूबाईनंतर राज्यात सगळ्यात उंच तोच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात साल्हेरही आहे. मांगी-तुंगीला तर भाविकांची ये-जा असतेच. दादाचं म्हणणं, लोक येतात पण मुक्कामाची धड सोय नाही. मग आपण एक कॅम्पर व्हॅन घ्यावी आणि ड्रायव्हरसकट भाड्याने द्यावी. सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही २०२१ मध्ये आलंय. आयडिया वाईट नव्हती.

गाडीही त्याने बघून ठेवली होती. जुनी १३ सीटर डिझेल व्हॅन, आतल्या सीट काढून बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि वर एसी बसवलेली. विकणारा म्हणाला होता, "१४ चं ॲव्हरेज देते, डोळे झाकून घ्या." दादाने त्या १४ वर अख्खा धंदा मांडला होता: महिन्याला २००० किलोमीटर, बँकेचा हप्ता १६ हजार, उरलेले आपले. डाऊन पेमेंट नाना, म्हणजे माझे काका, देणार होते. ते पैसे कुठले? उन्हाळ कांद्याचे. चाळीत पाच महिने सांभाळलेल्या कांद्याचे. म्हणून मी तो हिशोब हसण्यावारी नेला नाही.

आजचा मुद्दा एका ओळीत सांगतो: डिझेल कॅम्परचं ॲव्हरेज हा एक आकडा नसतो, आणि ज्या आकड्यावर तुम्ही कर्ज काढणार आहात तो तुम्ही स्वतः मोजलेला असला पाहिजे.

कंपनीचा आकडा इथे का चालत नाही

आपण कार घेताना जो मायलेजचा आकडा बघतो तो टेस्टमधून येतो. पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासूनची. तिथे गाडी रस्त्यावर नाही, रोलरवर पळवतात. आत्तापर्यंतच्या ठरलेल्या सायकलमध्ये ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. टॉप स्पीड ताशी ९० किलोमीटर, तोही थोडाच वेळ, आणि एसी बंद. ही फसवणूक नाही बरं का. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकच परीक्षा द्यावी लागते. पण त्या परीक्षेत राहुडचा घाट नसतो.

कॅम्परची गोष्ट त्याहून अवघड. आपल्याकडे बहुतेक कॅम्पर फोर्स ट्रॅव्हलरसारख्या प्रवासी व्हॅनवर बनतात. (हीच ती कंपनी, पूर्वीची बजाज टेम्पो. गावाकडे आजही लोक कुठल्याही अशा गाडीला "मॅटाडोर" म्हणतात, ती मॅटाडोर त्यांचीच.) अशा गाडीच्या आत बेड, फर्निचर, टाकी आणि टपावर एसी चढवला की ती वेगळीच गाडी होते. या नव्या गाडीचा आकडा कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो. म्हणजे उरतं काय? विकणाऱ्याचा शब्द, नाहीतर आपलं मोजमाप.

विकणारा खोटारडा होता असं मी म्हणत नाही. गाडी प्रवासी असताना, हलकी असताना, सपाट रस्त्यावर तिने १४ दिलेही असतील. फक्त ती गाडी आता उरलेली नाही.

मोजायचं कसं

विकणाऱ्याने गाडी आठ दिवस वापरायला दिली, डिपॉझिट घेऊन. पहिल्यांदा आम्ही ती बाजार समितीबाहेरच्या भुईकाट्यावर नेली. पाणी भरलेलं, चार माणसं, गाद्या, गॅस, भांडी. वजन भरलं साडेतीन टनांच्या जरासं आत. काट्यावरचा माणूस विचारतो, "भो, यामा कांदा कितला मावतीन?"

मग टाकी टू टाकी पद्धत. सगळ्यांना माहीत असते, पण नीट कोणी करत नाही. नियम असे:

१. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. "राऊंड फिगर करा" म्हणायचं नाही.
२. शक्यतो तोच पंप, तीच नोझल, गाडी त्याच जागी उभी. गाडी थोडी तिरकी असली तरी एक-दीड लिटर इकडचा तिकडे होतो. ३० लिटरमध्ये दीड लिटर म्हणजे ५ टक्के चूक.
३. एकाच टाकीवर निकाल द्यायचा नाही. निदान तीन टाक्या, वेगवेगळ्या रस्त्यांवर.
४. ओडोमीटर तपासायचं. फोनच्या जीपीएसवर १०० किलोमीटर मोजून बघा. आमच्या गाडीचं मीटर दीड टक्का जास्त दाखवत होतं. खालचे आकडे ते दुरुस्त करून दिलेत.
५. ट्रिप कुठे उतारावर असेल तर जाऊन-येऊन मोजायची.

पाचवा नियम महत्त्वाचा आहे, कारण आपल्या भागातले बहुतेक "माझी गाडी इतकं देते" हे नाशिक-मुंबई जातानाचे आकडे असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मुंबईला जाताना गाडी तेवढी उतरते आणि येताना तेवढीच चढते. साडेतीन टन वजन ६०० मीटर उचलायला साधारण २० मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ च्या आसपास मेगाज्यूल असतात, पण त्यातले चाकांपर्यंत पोचतात ३० टक्के, म्हणजे ११ च्या आत. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे फक्त चढण्याचं डिझेल जवळपास २ लिटर. उतरताना ते पूर्ण परत मिळत नाही, कारण कसाऱ्याच्या घाटात आपण ब्रेक मारत असतो.

तीन ट्रिपा, तीन आकडे

पहिली ट्रिप: नामपूर, ताहाराबाद, मुल्हेर, साल्हेर आणि परत. अरुंद रस्ता, वळणं, बराच वेळ दुसरा-तिसरा गिअर. साल्हेरवाडीत एक मुक्काम. ११८ किलोमीटर, डिझेल १४.६ लिटर. ॲव्हरेज ८.१.

दादाचा चेहरा पडला. नाना काहीच बोलले नाहीत, नुसते तंबाखू मळत बसले. ते जास्त वाईट असतं.

दुसरी ट्रिप: नामपूर, मालेगाव, राहुड घाट, चांदवड, नाशिक, कसारा, ठाणे आणि परत. ५६६ किलोमीटर, ५१.५ लिटर. ॲव्हरेज ११. गाडीचा डिस्प्ले जाताना १२.३ दाखवत होता, येताना १०.५. गंमत बघा, डिस्प्लेच्या हिशोबाने एकूण डिझेल ५० लिटर व्हायला हवं होतं. पंपावर गेलं ५१.५. डिस्प्ले ३ टक्के आशावादी निघाला.

तिसरी ट्रिप: नामपूर, मालेगाव, मनमाड, येवला, शिर्डी आणि परत. मुद्दाम ६०-६५ च्या वर जायचं नाही असं ठरवून. २६२ किलोमीटर, २१.४ लिटर. ॲव्हरेज १२.२.

एकूण ९४६ किलोमीटर, ८७.५ लिटर. खरं ॲव्हरेज १०.८.

इथे एक चूक सगळे करतात. तिन्ही ॲव्हरेज मिळवून तीनने भागतात. तसं करायचं नाही. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, बस. सोपं उदाहरण: १०० किलोमीटर ८ ने गेलात आणि १०० किलोमीटर १४ ने, तर ॲव्हरेज ११ नाही. पहिल्या शंभरला १२.५ लिटर लागले, दुसऱ्याला ७.१. दोनशे किलोमीटरला १९.६ लिटर, म्हणजे १०.२. खराब रस्ता जास्त डिझेल पितो, म्हणून हिशोबात त्याचं वजनही जास्त असतं.

डिझेल जातं कुठे

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं कपाट. समोरून बघितलं तर साडेचार चौरस मीटरच्या आसपास भिंत हवेत ढकलायची असते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. मी साडेतीन टनांच्या गाडीसाठी सपाट रस्ता, वारा नाही, एकसारखा वेग असं धरून गणित केलं:

ताशी ६० ला: साधारण १७ चं ॲव्हरेज
ताशी ८० ला: साधारण साडेबारा
ताशी १०० ला: साधारण साडेनऊ

६० ला निम्म्याहून थोडी कमी ताकद हवेत जाते, बाकी टायरमध्ये. १०० ला ७० टक्के ताकद हवेत जाते. म्हणजे १०० किलोमीटरच्या रस्त्यावर ८० ऐवजी १०० ने गेलात तर १५ मिनिटं वाचतात आणि अडीच लिटर जास्त जातं. डिझेल ९० रुपये धरलं तर सव्वादोनशे रुपये. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही नाहीतरी मिसळच खाणार असता.

आता कोणी विचारेल, ६० ला १७ मिळायला हवं, तर शिर्डीला १२.२ च का? कारण रस्ता एकसारखा नसतो. मालेगावची गर्दी, मनमाडचं ट्रॅफिक, प्रत्येक गावाचे गतिरोधक. साडेतीन टन गाडी थांबवून परत ६० वर न्यायला साधारण ४५ मिलिलिटर डिझेल लागतं. ऐकायला काहीच नाही. पण असं वीस वेळा केलं की जवळपास एक लिटर. त्यात चालू एसी, आणि हळू चालताना इंजिनची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. सुटं गणित आणि खरा रस्ता यांतला फरक इथे भरून निघतो.

आणि वजन? सगळे म्हणतात, पाण्याची टाकी रिकामी ठेवा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. सपाट रस्त्यावर त्याने ॲव्हरेज एक टक्क्याच्या आसपास पडतं. घाटात आणि गर्दीत थोडं जास्त. रिकामी ठेवा, हरकत नाही, पण त्यातून चमत्कार होणार नाही. वेग १० ने कमी केलात तर त्याच्या कित्येक पट फायदा. टायरमधली हवा मात्र दर आठवड्याला बघा, गाडी थंड असताना.

साल्हेरच्या ८ चं रहस्य

साल्हेरचा रस्ता वळणाचा आहे हे खरं, पण फक्त रस्त्याने इतका फरक पडायला नको होता. मी गाडीच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथ डोंगल लावला होता. लॉग उघडला तेव्हा कळलं. मुक्कामाच्या रात्री उकडत होतं म्हणून आम्ही जेवण होईपर्यंत, गप्पा संपेपर्यंत, इंजिन चालू ठेवून एसी लावला होता. तीन तास. गाडी जागेवर उभी, एसी चालू, तासाला १.२ लिटर. एसी बंद असेल तर ०.८. हा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज आहे, पंपावरचं माप नाही, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

तीन तासांचे ३.६ लिटर वजा करा. उरतात ११ लिटर. ११८ किलोमीटरला ११ लिटर म्हणजे १०.७. म्हणजे रस्ता गुन्हेगार नव्हता, आम्हीच होतो. गाडी एक इंचही न हलता चौथा हिस्सा डिझेल पिऊन गेली होती.

अख्खी रात्र, आठ तास असा एसी चालवला तर साडेनऊ लिटर, साडेआठशे रुपये. आणि पैशाहून मोठी गोष्ट: बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. हे मी सल्ला म्हणून नाही, विनंती म्हणून सांगतोय.

मग दादाचं काय झालं

शेवटच्या दिवशी ओट्यावर बसून एक साधी एक्सेल शीट केली. १०.८ मिळालं असलं तरी गिऱ्हाईक किल्ल्यावर जाणार, एसी लावणार, म्हणून १० धरले.

१४ ने: २००० किलोमीटरला १४३ लिटर, १२,८५७ रुपये.
१० ने: २०० लिटर, १८,००० रुपये.

फरक महिन्याला ५,१४३ रुपये. हप्त्याचा जवळपास तिसरा हिस्सा. दादाने जे "उरलेले आपले" म्हटले होते ते बहुतेक हेच होते.

इथे अजून एक गोष्ट सांगतो, कारण तीही फसवते. २००८ मध्ये रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन अमेरिकन संशोधकांनी "सायन्स" नियतकालिकात दाखवलं होतं की ॲव्हरेजच्या आकड्यावरून बचतीचा अंदाज माणसं चुकवतात. ८ वरून १० वर आलात तर १००० किलोमीटरला २५ लिटर वाचतात. १२ वरून १४ वर गेलात तर फक्त १२. दोन्हीकडे फरक "दोन"चाच, बचत मात्र निम्मी. म्हणून जड गाडी असेल तर "किलोमीटरला लिटर किती" असा उलटा विचार करा. पंपावर पैसे लिटरचे द्यायचे असतात, ॲव्हरेजचे नाही.

दादाने गाडी घेतली. पण तीन गोष्टी बदलल्या.

एक, तो कागद घेऊनच विकणाऱ्याकडे गेला. भांडण केलं नाही. भुईकाट्याची पावती, तीन पंपांच्या पावत्या समोर ठेवल्या. किंमत कमी झाली. किती ते दादा मला सांगू देत नाही.

दोन, भाड्याचा दर बदलला. आधी फक्त किलोमीटरला दर होता. आता किलोमीटरचा दर १० च्या ॲव्हरेजवर आणि मुक्कामाचा वेगळा. गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, उभ्या गाडीत इंजिनवर एसी नाही.

तीन, डाळिंबाच्या बागेच्या कडेला त्याने गाडी उभी करायला जागा केली आणि प्लग पॉइंट काढला. शेतीपंपाच्या कनेक्शनवर नाही, रीतसर वेगळा मीटर घेऊन. एक किलोवॉटचा एसी आठ तास म्हणजे फार तर आठ युनिट. युनिटला १५ रुपये धरले तरी १२० रुपये. कुठे साडेआठशे, कुठे एकशेवीस.

आणि स्टिअरिंगच्या शेजारी एक वही बांधलीय. तारीख, किलोमीटर, लिटर. ॲप करून देतो म्हटलं तर नाना म्हणाले, "वहीला चार्जिंग लागत नाही."

निघायच्या दिवशी नानांनी विचारलं, "म्हणजे शेवटी गाडी कितलं ॲव्हरेज देस?"

मी म्हटलं, "नाना, साडेदहा धरा. हळू चालवली तर बारा, रात्री एसी लावून बसलात तर आठ."

ते म्हणाले, "मग आधीच तसं सांगायचं. कांदा पण असाच असतो. एक भाव कुठे असतो त्याला?"

तर मंडळी, तुमच्याकडे कुठलीही डिझेल व्हॅन असेल, कॅम्पर असो वा साधी पिकअप, पुढच्या तीन टाक्या या पद्धतीने मोजा. तारीख, किलोमीटर, लिटर, रस्ता कसा होता आणि उभ्या गाडीत इंजिन किती वेळ चालू होतं, एवढंच लिहा. आकडे आम्हाला व्हॉईस नोटने पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्या गाड्यांचा हिशोब मांडू. भेटू मग. सावकाश चालवा!